मायन्यातील 'महोदय'

जळगावच्या दाणा बाजारात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर आता अशा पेढ्या आढळतात, ज्यांची वस्तू व सेवा कराची नोंदणी घरातील सुनेच्या नावावर आहे. कर्जखाते तिचे, तारण तिचे, धनादेशावरील सहीही तिचीच. तरी पत्र येते ते 'प्रिय महोदय' असे संबोधून. वसुलीच्या पत्रातील ही चूक एकवेळ कोणी मनावर घेणार नाही. परंतु कर्जमंजुरीच्या पत्रातही तीच असते, तेव्हा पेढीचा खरा मालक दुसराच कोणीतरी आहे, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

व्यापारी घराण्यांत मायन्याला पूर्वीपासून मान होता. राजस्थानातून खानदेशात आलेल्या घराण्यांच्या चिठ्ठ्या 'सिद्ध श्री'ने सुरू होत. मराठी पत्रांत 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री आणि 'सा. न. वि. वि.' असा थाट असे. पुढे 'रा. रा.' जाऊन 'श्री.' आले. पुरुषाला हे एकच उपपद जन्मभर पुरते. विवाह होवो वा पत्नीचे निधन होवो, पाकिटावरील 'श्री.' ढळत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र 'कु.'चे 'सौ.' आणि 'सौ.'चे 'गं. भा.' होते, पाकीट आणणाऱ्या पोस्टमनलाही तिच्या संसाराची हकिगत कळते.

याचा त्रास केवळ मनाला होतो असे नाही. खाते उघडताना हौसेने 'सौ.' लिहिलेले असते. पतीच्या पश्चात मुदत ठेवीवर हक्क सांगताना अर्जात 'श्रीमती' येते, समभागांच्या कागदांवर यांपैकी काहीच नसते; मग काउंटरवरील कारकून शंका काढतो की, या तिन्ही व्यक्ती एकच कशावरून? वस्तुतः उपपद हा नावाचा भाग नव्हे. पॅन कार्डावर ते नसते, खात्याच्या नावातही नसावे. ज्यांच्या पासबुकावर असेल त्यांनी घरात सर्व कुशल असतानाच ते काढून घ्यावे. दुःखाच्या दिवसांत अर्ज-विनंत्यांची आणखी एक भर कशाला?

एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा विचार विभागाच्या प्रधान सचिवांना पत्राने कळविला होता. हेतू सन्मानाचाच होता. परंतु वैधव्याची ओळख नावामागे लावायचीच कशाला, असा आक्षेप चहूकडून आला आणि निर्णय झालेला नाही, केवळ चर्चेसाठी पत्र दिले, असा खुलासा करावा लागला. शब्द बदलला तरी खूण राहतेच, हा आक्षेप रास्त होता.

'श्रीमती'चे कोडे याहून नाजूक आहे. शासकीय पत्रांत महिला अधिकाऱ्यांच्या नावापुढे 'श्रीमती' लिहिले जाते आणि व्युत्पत्तीने तो शब्द 'श्रीमान'चे स्त्रीरूप, एवढाच आहे. पण घराघरांत तो वैधव्याचा वाचक समजतात. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर चुकून 'श्रीमती' पडले तर नाते दुखावते, हे कोणतीही वडीलधारी स्त्री सांगेल. इंग्रजीत 'मिस' आणि 'मिसेस' हा भेद टाळण्यासाठी निघालेले 'मिझ' स्वीकारण्यास 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वृत्तपत्रालाही १९८६ साल उजाडले. लग्नपत्रिकेवर 'सौ.' हवे असेल तर जरूर असावे. तो घरचा मामला आहे. पेढीच्या पत्रात त्याचे काम नाही.

गंमत अशी की, आदराने लिहिलेल्या मराठीत हा पेच फारसा पडतच नाही. 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांत भेद आहे. परंतु 'आपण आलात' म्हटले की समोर बंधू आहे की भगिनी, हे क्रियापद सांगत नाही. 'आपले पत्र मिळाले', 'रक्कम पाठवावी', 'आपण कळवालच' अशा वाक्यांनी व्यापारी पत्र आरंभापासून शेवटपर्यंत लिहिता येते. अडते ते मायन्यातील 'महोदय'पाशी आणि सहीवरील 'आपला विश्वासू'पाशी.

मायन्यात पदाचे नाव घालावे, हा सर्वांत सोपा उपाय. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली देशाच्या सर्वोच्च पदावर बसल्या, तेव्हा स्त्रीला 'राष्ट्रपती' कसे म्हणावे याची बरीच चर्चा झाली. शब्द तोच राहिला, कारण तो पदाचा आहे. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्याविषयी 'राष्ट्रपत्नी' असा शब्द काँग्रेस नेते अधीर रंजन चौधरी यांच्या तोंडून गेला आणि त्यांना लेखी क्षमा मागावी लागली. विद्यापीठांच्या बाबतीत मराठी तर आधीच पुढे आहे. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये 'कुलपति' सोडून 'कुलगुरु' घेतले. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला पत्र लिहिणारा 'मा. कुलगुरू' असेच लिहीत आला आहे. अविभक्त कुटुंबाच्या खात्यावरील 'कर्ता' हाही पदाचाच शब्द. थोरली कन्या कर्ता होऊ शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सुजाता शर्मा प्रकरणात म्हटले आहे. 'मेसर्स' हा मात्र मुळात फ्रेंचमधील पुरुषांचे अनेकवचन. तीन जावांच्या भागीदारीलाही तो लावला जातो आणि कोणी हसत नाही!

पदही नसेल तर? जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरील अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. त्याआधीच, एप्रिल २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना अर्जांत तृतीयलिंगी व्यक्तींसाठी पर्याय ठेवण्यास सांगितले होते. अर्जातील चौकट वाढली, पण उत्तराचे पत्र 'महोदय' की 'महोदया' या दोन दारांपाशीच अडले. खातेदाराच्या आवाजावरून वा पेहरावावरून अंदाज बांधणे हे पत्रलेखकाचे काम नव्हे. पूर्ण नाव, त्यापुढे 'यांस' आणि खाली 'नमस्कार', एवढे पुरे.

जैन घरांत तर 'नमस्कारा'लाही पर्याय तयार आहे. 'जय जिनेंद्र' म्हणताना जयजयकार जिनेंद्रांचा होतो. पत्र घेणारा कोण, हे त्यात येतच नाही. आणि जिथे सर्वांना उद्देशून लिहायचे तिथे चतुर्विध संघात साधूंसह साध्वी आणि श्रावकांसह श्राविका प्राचीन काळापासून स्वतंत्रपणे उच्चारल्या जातात. संघाच्या पत्रात 'सर्व श्रावक-श्राविकांना' लिहिणारा सचिव दुसऱ्या दिवशी दुकानाच्या लेटरपॅडवर 'सर्व व्यापारी बंधूंना' एवढेच लिहितो, तेव्हा ते सवयीने होते, द्वेषाने नव्हे.

राहिला सहीवरचा मजकूर. छापील 'आपला विश्वासू'खाली सही करणाऱ्या स्त्रिया पेनाने 'ला'चा 'ली' करताना दिसतात. दिवाळीपूर्वी नवी लेटरपॅड छापायला टाकताना मुद्रकाला 'आपला' गाळून नुसते 'विश्वासू' ठेवण्यास सांगावे. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.