नवी वही उघडण्यापूर्वी मेळ घाला

नगरपालिकांचे दफ्तर आता 'क्लाऊड'वर जाऊ लागले आहे. क्लाऊड म्हणजे आपली वही दुसऱ्याच्या गोदामात भाड्याने ठेवणे. यात गैर काही नाही. मात्र माल हलविण्याआधी मोजदाद हवी, हे कापड दुकानातला नवा पोऱ्यादेखील जाणतो.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम नगर परिषदेचे उदाहरण पाहा. जुनी एसएपी प्रणाली सोडून तिने एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकलची क्लाऊड प्रणाली सुरू केली. मूळ अंदाज सुमारे २ कोटी पौंडांचा; २०२३ मध्ये तो १० कोटींच्या घरात गेला. कामाची रीत बदलण्याऐवजी जुन्या रीतीसाठी तयार प्रणालीचीच काटछाट केली गेली. परिणामी बँकेत आलेल्या रकमांचा खात्यांशी मेळ बसेना. सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेला अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबवावा लागला. समान वेतनाची देणी हे त्याचे मोठे कारण. या प्रणालीचाही त्यात वाटा होता.

आमचे मत स्पष्ट आहे. नव्या वहीचा मेळ बसेपर्यंत जुनी बंद करू नये. रोज नोंदी करणाऱ्या कारकुनाला आधी विचारावे. कर भरूनही थकबाकी दिसली, तर हेलपाटे छोट्या दुकानदारालाच पडतात.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, पावत्या जपून ठेवा. आणि आपल्या गावात असा बदल होणार असेल, तर नगरसेवकाला एवढेच विचारा: जुन्या-नव्या हिशेबाचा मेळ कोणी घातला आणि त्याखाली सही कोणाची?