गोदावरी हे नाव

महाराष्ट्रात एके काळी गावोगावी एखादी तरी गोदावरी असे. लहानपणी ती गोदू, पुढे गोदाताई आणि उतारवयात गोदाआजी. आज शाळेच्या हजेरीपटावर हे नाव क्वचितच आढळते. ते पुन्हा प्रचारात यावे काय, याविषयी मात्र एकमत नाही.

हे नाव लांबलचक आहे, असे काहींचे म्हणणे. पण ज्ञानेश्वरी हे नाव हल्ली कौतुकाने ठेवतात. त्याचीही अक्षरे चारच! दुसरा आक्षेप थट्टेचा. वर्गात कोणी 'गोदू' म्हणून चिडवील ही भीती अगदीच खोटी नव्हे. तथापि चिडवणाऱ्याला कोणतेही नाव पुरते.

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून ही नदी नाशिक, पैठण, नांदेड अशी गावे मागे टाकीत १,४६५ किलोमीटर वाहते व बंगालच्या उपसागरास मिळते. नदीचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. मराठी माणसांनी ते मुळीच मनावर घेतले नाही. गंगा, यमुना, कृष्णा, गोदावरी ही नावे त्यांनी आपल्या लेकींना आवडीने दिली.

जुने ते सारेच परत आणण्याजोगे नसते, हेही खरे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिला 'नकोशी' म्हणत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते जुने नाव लोपल्याबद्दल कोणी हळहळू नये.

गोदावरी हे नाव मायेने ठेवलेले. परंतु ते पुष्कळदा सासरी टिकत नसे. विवाहात ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहीत आणि माहेरचे नाव मागे पडे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. एवढी मोठी रूढी मोडणाऱ्या घरीही नाव बदलण्याची रूढी सुटली नाही! म्हणून हे नाव अवश्य परत यावे; मात्र ते जिला मिळेल, तिच्यापाशी ते जन्मभर राहावे.

गोदावरी गोखले विवाहानंतर परुळेकर झाल्या, पण गोदावरीच राहिल्या. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा त्या त्यांच्या पुढाऱ्यांत होत्या. त्या लढ्यावरील त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी वळणाऱ्या स्त्रियांची हजारो घरांची वसाहत आहे. त्या वसाहतीला त्यांचेच नाव दिले आहे, आणि तेही 'गोदूताई परुळेकर' असे.