एमएस्सीच्या पोरांनी पुस्तकं कुठं शोधायची?

परवा गल्लीतली एक पोरगी घरी आली. एमएस्सी फिजिक्सला आहे, रोज एसटीनं जिल्ह्याला जाऊन-येऊन करते. म्हणाली, "काका, तुमची पुण्यात ओळख असेल ना? इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं जॅक्सनचं पुस्तक मिळेल का?"

मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला, बारावीलाच फिजिक्सशी काडीमोड घेतलेला. तरी चौकशी केली. हे जॅक्सन १९६२ चं, जगभर एमएस्सी-पीएचडीला वापरतात. तिच्या कॉलेजात एक प्रत आहेही! पण 'रेफरन्स'चा शिक्का मारून कुलूपबंद कपाटात. तिथंच बसून वाचायचं, आणि पोरीची गाडी साडेचारची. पीडीएफ मोबाईलवर फिरतात म्हणे, पण आठशे पानांचं गणिताचं पुस्तक तळहाताएवढ्या स्क्रीनवर वाचून दाखवा बरं.

मग ओळखीच्या एका निवृत्त सरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी जॅक्सन देऊच नका तिला. ग्रिफिथ्स द्या." ग्रिफिथ्स खरं तर बीएस्सीचं. पण त्याचा पहिला धडा व्हेक्टरच्या गणिताचा आहे, तो कच्चा राहिला की पुढं सगळंच अडतं. आणि जॅक्सनच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिले दहा धडे एसआय एककांत, पुढचे गॉसियन एककांत. एकट्यानं वाचणारं पोर तिथं सूत्रं जुळेनात म्हणून रडकुंडीला येतं. हे सांगायला कुणी तरी लागतं की नाही?

सरांनी फुकट मिळणाऱ्या गोष्टीही सांगितल्या. फाइनमन यांच्या व्याख्यानांचा दुसरा खंड मुख्यतः याच विषयाचा, कॅलटेकच्या साइटवर वाचायला खुला. केंब्रिजच्या डेव्हिड टाँग यांच्या नोट्स. आपल्या आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे व्हिडिओ. सगळं कायदेशीर. पोरीला यातलं एनपीटीईएल तेवढं ऐकून माहीत होतं. दोन वर्षं सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स हेच तिचं ग्रंथालय.

तिच्या सरांना दोष देऊन उपयोग नाही. तासिका तत्त्वावर आहेत, पोटासाठी दोन-तीन कॉलेजं करतात. पुस्तकापाशी थांबायला त्यांना वेळ कुठला?

केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला ६,००० कोटी मंजूर केले. तीन वर्षं सरकारी संस्थांना संशोधनाची जर्नल्स मिळणार. चांगलंच आहे, संशोधकांना हवंच. पण ही पोरगी अजून संशोधनापर्यंत पोचलेलीच नाही. तिला पाठ्यपुस्तक हवंय आणि अडलेलं गणित सोडवून देणारा माणूस हवाय. आपल्याकडं नेट-सेटला बसणारी पोरं पुण्याला खोली करून का राहतात, हे मला आता कळलं. ज्यांना परवडत नाही ती बीएड करतात नाहीतर पोलीस भरतीला पळतात.

कॉलेजवाल्यांनो, एवढं तरी करा. रेफरन्सचं पुस्तक शनिवारी संध्याकाळी द्या, सोमवारी सकाळी परत घ्या. हरवलं तर किंमत वसूल करा. कपाटात ठेवून तरी कोण वाचतंय?

सर दर रविवारी दहा वाजता स्वतःच्या घरी बसायला तयार झालेत, पैसे नको म्हणाले. आत्ता तीन पोरी येतात. ओसरीवर अजून चार-पाच जणांची जागा आहे. कुणाच्या घरात फिजिक्सवालं पोर असेल तर इनबॉक्सला कळवा, पत्ता देतो. वही आणि पेन्सिल मात्र आपापली आणायची.