वाकळ, हातयंत्र आणि आपली लाज

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम ऋणकोच्या घरातून बेलिफाने काय उचलू नये ते सांगते. अंगावरची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकार आणि कारागिराची हत्यारे, एवढ्या वस्तू जप्तीतून मुक्त आहेत. हुकूमनामा कितीही रकमेचा असो, पोरांच्या अंगावरची वाकळ ओढता येत नाही; आणि शिवणावर पोट भरणाऱ्याचे यंत्र हे त्याचे हत्यारच होय, असा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात करावयास आम्ही तयार आहो. परंतु ज्या वस्तूंना धनकोचा हात लागू नये म्हणून कायद्याने तजवीज केली, त्याच वस्तू आज बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील घरांतून आपखुशीने बाहेर चालल्या आहेत. यंत्र मोडवाल्याच्या हातगाडीवर चढते, वाकळ उकिरड्यावर जाते. या प्रकाराविरुद्ध आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे, आणि देवस्थानांच्या पंचमंडळींशी सर्वांआधी बोलावयाचे आहे.

या भागात वाकळीला एक नाव नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूंच्या मराठी घरांत ती वाकळ किंवा गोधडी, शेजारच्या कन्नड घरात तीच कौदी, आणि शास्त्रीबुवांच्या तोंडी कंथा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे जुने राज्य मोडले तेव्हा एकट्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला, उरलेला म्हैसूर राज्यात आला. त्या वाटणीचे वाद अद्याप मिटलेले नाहीत, आणि ते येथे काढण्याचे आम्हांस प्रयोजनही नाही. एवढेच म्हणावयाचे की तिन्ही वाट्यांतील बायकांनी वाकळ शिवणे त्या दिवशी थांबविले नव्हते. ते थांबत आहे ते आता, आणि त्याचा दोष कोणत्याही सरकारवर टाकता येणार नाही.

मग दोष कोणाचा? वाकळ म्हणजे दारिद्र्याचे लक्षण, ही जी समजूत आपण उराशी धरली आहे तिचा. पाहुणा आला की वाकळी माळ्यावर टाकावयाच्या आणि कपाटातून झुळझुळीत ब्लँकेट काढावयाचे, हा आता शिष्टाचार झाला आहे. जोडलेले वस्त्र अशुभ, असेही कोणी सांगतात. त्यांना आम्ही विचारतो, नवजात बालकाला पहिले दुपटे कशाचे करता? आजीच्या जुन्या लुगड्याचे, आजोबांच्या विरलेल्या धोतराचेच ना? जे वस्त्र जन्माच्या पहिल्या दिवशी शुभ, ते पुढे अशुभ कसे झाले? नाथपंथी योग्याच्या वेषात झोळीबरोबर कंथा आहे. गौतम बुद्धाच्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असावे असा विनयाचा नियम आहे, आणि त्या जोडांची रचना मगधातील भातखाचरांच्या बांधांवरून घेतली असे विनयग्रंथ सांगतो. वैराग्याचा मान ज्या वस्त्राला मिळाला, त्याची लाज गृहस्थाने का बाळगावी?

सुईचीही तीच कथा. आपल्या नामदेवांचे घराणे शिंप्याचे. बाराव्या शतकात ज्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांभोवती शरणांचा मेळा जमला, त्या परंपरेतील वचनकारांत सूजिकायकद रामितंदे या नावाचे एक शरण होऊन गेले. सूजिकायक म्हणजे सुईचे काम. कायक हीच पूजा, असा ज्यांचा सिद्धांत, त्यांनी सुईला नावाच्या आरंभी बसविले. मराठी संतांत एक आणि कन्नड शरणांत एक, असे सुई हाती धरणारे दोन वंदनीय पुरुष ज्या भूमीला लाभले, तिथल्या लेकीसुनांना सुईचे काम हलके वाटावे, हा बुद्धिभ्रंश होय.

आता ब्लँकेटाचे पाहू. बीदरचे पठार उंच. पौष-माघातली तिथली थंडी परगावच्या माणसाला चकित करते. त्या थंडीसाठी आपण जे चकचकीत पांघरूण विकत आणतो ते बहुधा पॉलिएस्टरचे असते. त्यातून घाम बाहेर जात नाही, ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते, आणि फाटले तर त्याचे दुसरे काही होत नाही. मौज अशी की हरियाणातील पानिपत हे गाव जगभरची टाकाऊ वस्त्रे आणून, ती पिंजून, त्यांच्या सुताची ब्लँकेटे विणण्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे परक्यांच्या चिंध्यांचे पांघरूण आपण पैसे मोजून घेतो, आणि स्वतःच्या सुती लुगड्यांची पांघरुणे करावयास लाजतो.

यंत्राकडे वळू. हाताने चालणारी वा पायाने चालणारी काळी शिवणयंत्रे या दोन जिल्ह्यांत अद्याप अनेक घरी पडून आहेत. काही ‘सिंगर’ची, त्यांपैकी पुष्कळ स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात ओतलेली, जो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, काही आपल्या ‘उषा’ची, लुधियान्याच्या कारखान्यांची. यंत्र विकू पाहणारे म्हणतात, याला आता कोण विचारतो? विचारतात, पण भलतेच लोक. मोडवाला बिडाच्या वजनाने घेतो, आणि शहरातला हौशी माणूस पायाच्या यंत्राचा नक्षीदार सांगाडा नेऊन त्यावर फरशी बसवून चहाचे टेबल करतो. पन्नास-साठ वर्षे ज्याने कुटुंब झाकले त्याच्यावर चहाच्या कपांचे डाग पाडावयाचे, याला रसिकता म्हणावयास आम्ही तयार नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. यंत्राने शिवलेली ती गोधडीच नव्हे, खरी गोधडी हाताच्या धावदोऱ्याची, असे काही कलाप्रेमी सांगतात. हातटाक्याच्या सौंदर्याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्या सुनेला शेत, चूल आणि पोरे सांभाळून रात्री तासभर मिळतो, तिला महिनोन्‌महिने एकाच वाकळीवर वाकून बसावयास सांगणे हा उपदेश दिवाणखान्यातला आहे. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून जाणूनबुजून वगळले होते. सिंगरने पत्नीवरील प्रेमापोटी यंत्र काढले, ही जी कथा त्यांनी त्या वेळी सांगितली ती इतिहासाला धरून नाही. इलायस हाऊ याचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. दोघांत खटले झाले आणि १८५६ मध्ये पेटंटधारकांनी एकत्र येऊन तडजोड केली. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा आमच्याच धंद्यातला, म्हणजे वकील. यंत्र हप्त्यांनी विकण्याची युक्ती त्याचीच. सारा मामला पैशाचा होता. तथापि गांधीजींचा निकष खोटा ठरत नाही. जे यंत्र माणसाच्या हाताला बेकार करीत नाही, त्याचे श्रम मात्र हलके करते, ते यंत्र आपले. हाताच्या मुठीने फिरणारे शिवणयंत्र या निकषाला जितके उतरते तितके दुसरे क्वचितच उतरेल.

शिवाय नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. हाताच्या यंत्रात उजवा हात मुठीवर आणि डावा कापडावर असतो. मुठीच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात, म्हणून सुई कोठे उतरते ते डोळ्यांना दिसते, आणि हव्या त्या टाक्यावर थांबता येते. विजेचे यंत्र शिकाऊ मुलीला ओढून नेते. हे यंत्र तिच्या मागून चालते. पायाच्या यंत्रावर दोन्ही हात मोकळे राहतात. पण पायाची लय बसेपर्यंत चाक उलटे फिरते आणि दोरा गुंततो. यास्तव आधी दोरा न ओवता नुसते पायटे मारण्याचा सराव करावा. वीज गेली तरी ही दोन्ही यंत्रे चालतात, हे या भागातल्या वाचकांना सांगावयास नकोच.

जुने यंत्र माळ्यावरून काढले की प्रथम त्याला शिवणयंत्राचेच तेल द्यावे, प्रत्येक छिद्रात एकेक थेंब. घरचे खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घालू नये. ते वाळून चिकट होते आणि यंत्र जखडते. सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट चोळू नये, तिच्यावरचे लाखेचे रोगण विरघळते. नवी सुई बसवावी, चिंधीवर काही ओळी चालवून जादा तेल पुसू द्यावे, आणि मग खऱ्या कापडाला हात घालावा. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत उलटा टाका नसतो. ओळीच्या शेवटी कापड फिरवून दोन-चार टाके परत घ्यावे, किंवा दोन्ही दोऱ्यांची गाठ मारावी.

पहिले काम आसनाचे घ्यावे. हात-दीड हाताचे चौकोनी आसन, वर-खाली धडके सुती कापड, मध्ये जुन्या धोतराच्या दोन घड्या. कापडे धुऊन, इस्त्री करून घ्यावी. सुतात नायलॉन मिसळू नये, कारण एक आटते आणि दुसरे आटत नाही. जमिनीवर थर पसरून मध्यापासून कडेकडे हाताने सैल धावदोरा घालावा, मग यंत्राच्या ओळीही मध्यापासूनच सुरू कराव्या. कडेपासून आरंभ केला तर सारी सुरकुती मध्ये गोळा होते. तुकडे एकमेकांस जोडताना टाका बारीक, इंचात दहा-बारा. थर शिवताना तो मोठा करून सात-आठ, आणि दाब थोडा सैल. दुसरे काम बाळाच्या दुपट्याचे. तिसऱ्याने पूर्ण वाकळ. येथे नवशिकी हटकून अडते, कारण यंत्राच्या मानेखालून एवढा जाड पसारा सरकत नाही. त्यावर उपाय असा की वाकळ हातभर रुंदीच्या पट्ट्यांनी करावी. प्रत्येक पट्टी थरांसह शिवून पुरी करावी, मग पट्ट्या जोडून जोडावर कापडाची फीत लावावी. शेवटी चारी कडांना गोट.

आमच्या कोंकणी वाचकांना या कामाचे एक उदाहरण जवळच सापडेल. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूंना राहणाऱ्या, कोंकणी बोलणाऱ्या सिद्दी स्त्रिया ‘कवंद’ नावाची जोडाची गोधडी हाताने शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांवर ‘फुले’ म्हणून लहान त्रिकोणी तुकडे बसवितात. फुलांवाचून गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. आफ्रिकेतून आणलेल्यांच्या या वंशजांकडे धनदौलत नाही. परंतु जुन्या वस्त्राला शेवटचा अलंकार घातल्याखेरीज ते पुरे झाले असे म्हणावयाचे नाही, एवढी संस्कृती त्यांच्याकडे आहे. त्यांच्या गोधड्या पाहावयास परदेशी अभ्यासक आले. आपल्या घरातली वाकळ पाहावयास आपण तरी गेलो आहो काय?

आता देवस्थानांस आमची विनंती, आणि ती विनंती असली तरी तिच्यात थोडा आरोपही आहे. देवीला वर्षभर खण आणि लुगडी वाहिली जातात. त्यांतील पुष्कळ पेट्यांत पडून कसरीच्या मुखी जातात. त्याच देवस्थानांतून थंडीत गोरगरिबांना ब्लँकेटे वाटली जातात, आणि ती बाजारातून विकत आणली जातात! एका पेटीत कापड कुजते, दुसऱ्या पेटीतून पैसा बाहेर जातो, आणि ओसरीवर हाताला काम नसलेल्या बाया बसून राहतात. कोणी म्हणेल, देवाचे वस्त्र पायाखाली येईल. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही सोपे आहे. त्या वस्त्राची अंथरुणे करू नयेत, पांघरुणे आणि बाळांची दुपटी करावी. देवीचे वस्त्र लेकराच्या अंगावर जाणे हा अवमान की प्रसाद, हे ज्याने त्याने ठरवावे. कोणी म्हणेल, हिशेबाची अडचण येईल. कर्नाटकाचा हिंदू धार्मिक संस्था व धर्मादाय दाननिधी अधिनियम १९९७ चा आहे. ज्या देवस्थानांस तो लागू आहे त्यांनी रीतसर ठराव करावा, वस्त्रांची मोजदाद वहीत लिहावी, आणि वाटप सही घेऊन करावे. ठरावाने ब्लँकेट घेता येते, तर ठरावाने वाकळही शिवता येईल.

बिदरीच्या कारागिरीला २००६ मध्ये आणि गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली, याचा आम्हांस आनंद आहे. वाकळीसाठी मात्र आम्ही असली नोंद मागत नाही. ती विकावयाची वस्तू होण्याआधी पांघरावयाची वस्तू राहिली पाहिजे. त्यासाठी लागते ते एवढेच. ज्या घरी न वापरलेले हातयंत्र आहे त्याने ते मोडीत न घालता गावच्या देवळाच्या ओसरीसाठी द्यावे. देवळाने एक सुई-तेलाचा खर्च आणि एक कोरडी खोली द्यावी. आणि ज्या आजीला अद्याप गोट घालता येतो तिला, तिचे डोळे शाबूत आहेत तोवर, मानाने बोलावून चार मुलींच्या मध्ये बसवावे. पुढच्या पौषापर्यंत प्रत्येक देवळातून दहा वाकळी निघाल्या तर त्या दहा घरांत पुरतील. जे पंच हेही करणार नाहीत, त्यांनी थंडीतल्या ब्लँकेटवाटपाची छायाचित्रे निदान छापून आणू नयेत.