फोटो साफ आला, पण दुखणं?

सुगी उरकली की तालुक्याच्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते. दिवसभर वाकून कापणी, वर डोक्यावर भारे, दुखणारच. डॉक्टर फोटो काढायला लावतात, फोटो साफ निघतो, सुई टोचून माणूस घरी. बहुतेकांना तेवढ्यावर आराम पडतो, हे आधीच मान्य करतो.

आमच्या गावच्या एका मावशींचं मात्र तसं झालं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं. यंदा कंबर धरली. जुन्या ऑपरेशनचं ना कुणी विचारलं, ना मावशींनी सांगितलं. बाईमाणूस, असलं चारचौघांत बोलणार कशी? दोनदा एक्स-रे काढला, दोन्ही वेळा साफ. तिसऱ्या महिन्यात पाय लुळे पडले तेव्हा गाडी करून शहर गाठलं. कॅन्सर मणक्यात उतरला होता.

एक्स-रे दाखवतो तो हाडातला चुना. कॅन्सरनं हाड पोखरायला घेतलं तरी तिथला साधारण तीस ते पन्नास टक्के चुना जाईपर्यंत फोटोत फरक दिसत नाही. वाश्याला आतून वाळवी लागलेली असते आणि वरून घर धडधाकट दिसतं, तशातला प्रकार.

बोन स्कॅनची तऱ्हा वेगळी. टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ घातलेलं औषध शिरेतून देतात, दोन-चार तास थांबवतात, मग कॅमेऱ्याखाली निजवतात. हाड जिथं डागडुजी करत असतं तिथं औषध जास्त गोळा होतं. डोक्यापासून पायापर्यंतचा सांगाडा एका फेरीत दिसतो, तोही बहुतेक वेळा एक्स-रेच्या कितीतरी आधी. पण जुनी मोडलेली बरगडी आणि झिजलेला गुडघाही त्यात उठून दिसतो, तेव्हा डाग दिसला की कॅन्सरच, असं नव्हे. मणक्याचा संशय असेल तर एमआरआय उत्तम. हाडाच्या मगजातला बदल आणि मज्जारज्जूवरचा दाब, दोन्ही त्यात कळतात.

आता अडचण अशी, की टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. रेशनच्या साखरेसारखं ते गोदामात साठवता येत नाही. वर तज्ज्ञ हवेत, परवाने हवेत. म्हणून बोन स्कॅन तालुक्याला मागण्यात अर्थ नाही. (पुढारी मागतील, नारळही फोडतील.)

माझी मागणी बिनखर्चाची आहे. कंबरदुखीच्या केसपेपरवर एक प्रश्न छापा: पूर्वी कॅन्सर किंवा गाठीचं ऑपरेशन झालंय का? बायकांना तो नर्सबाईंनी बाजूला घेऊन विचारावा. उत्तर 'हो' आलं तर साफ फोटोवर न थांबता वरच्या इस्पितळाची चिठ्ठी द्या. आणि अशा माणसाच्या पायातला जोर कमी झाला किंवा लघवी अडली, तर चिठ्ठीचीही वाट बघू नका. त्याच दिवशी एमआरआय असलेल्या ठिकाणी हलवा. पाय पुरते जाण्याआधी उपचार मिळाले तर माणूस चालता राहण्याची आशा असते. नंतर ती फार थोडी.

मावशींची जुनी फाईल परवा माळ्यावर सापडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली. तीन महिन्यांत ती कुणी मागितलीच नव्हती.