ढग खाली आले की...

१२ जून २०२५ला अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा घरोघरी तोच विषय होता. आमच्या मुळशीच्या टापूत मात्र २०२४मध्येच ३९ दिवसांत दोन हेलिकॉप्टरं पडली. २४ ऑगस्टला पौडजवळ, पावसात, चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला सकाळी बावधनजवळ, धुक्यात. दोन पायलट आणि एक इंजिनिअर, तिघेही गेले.

मैत्रिणींनो, याला नुसतं नशीब म्हणू नका. हेलिकॉप्टर बऱ्याचदा जमीन डोळ्यांनी बघत चालवतात. मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री आडवा, आणि ढग पाच मिनिटांत कसा खाली उतरतो, हे वाळवण उचलायला धावणाऱ्या बाईला काय सांगायचं! विमानतळावर हवामान मोजतात; मधल्या डोंगरात कोण मोजणार? त्यात बोलावणारे साहेब बहुधा घाईत. ‘आज नको’ म्हणायची मुभा पायलटला खरंच असते का? तपास यंत्रणा कारण शोधते, पण ही घाई कुठल्या यंत्रात सापडायची?

अशा वेळी आधी पोचतात ते गावकरीच. इंधनाचा भडका उडू शकतो, गर्दी लांब ठेवा, फोटो काढण्याआधी ११२ला फोन लावा, एवढं तरी गावाला माहीत हवं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, असं मी आमच्या सरपंचताईंना सांगितलंय.