टँकरचे पाकीट

जुना जालन्याच्या कोणत्याही गल्लीत ‘टँकर’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. २०१३ च्या दुष्काळातील हंड्यांची रांग येते. अशा गावातील अर्थशास्त्राचा एक अध्यापक नौदलाच्या पुरवठा-जहाजांची स्मरणार्थ टपाल-पाकिटे जमवतो, हे कळल्यावर सहकारी हसतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. जवळच ‘ड्राय पोर्ट’, म्हणजे कोरडे बंदर, उभारण्याचे काम हाती घेण्यात आले, एवढीच आमची सागराशी सोयरीक.

परंतु डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील जलशुद्धीकरण केंद्राला आग लागली आणि त्या बेटावरील लोक पिण्याच्या पाण्याला मोताद झाले, तेव्हा तेथे धावून गेलेल्या भारतीय जहाजांत ‘दीपक’ हे नौदलाचे टँकर-जहाज होते. जालनेकरास या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

युद्धनौकेच्या तोफा, विमानवाहू नौकेचा विस्तार, पाणबुडीचे गूढ यांना टपालाच्या तिकिटांवर मानाचे स्थान मिळत आले आहे. १९६८ साली ‘निलगिरी’चे तिकीट निघाले, १९८४ च्या राष्ट्रपतींच्या नौदल-पाहणीप्रसंगी ‘विक्रांत’ तिकिटावर आली. हे योग्यच झाले. मात्र ही सारी जहाजे ज्यांच्या आधारावर किनाऱ्यापासून आठवडेच्या आठवडे दूर राहू शकतात, त्या रसदनौकांची आठवण सामान्य नागरिकास क्वचितच होते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-बोटींनी कराचीवर हल्ला चढवला आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण नौदल दिन पाळतो. ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ ही त्या बोटींची नावे स्पर्धा-परीक्षेच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. या लहान बोटींचा पल्ला मर्यादित होता. म्हणून त्या ताफ्याबरोबर ‘पोषक’ नावाचे इंधनवाहू जहाजही गेले होते. ते नाव वर्गात विचारून पाहावे. अद्याप एकही हात वर झालेला मला आठवत नाही.

(नावावरून आठवले. जालना निजामाच्या राज्यात असताना, दुसऱ्या महायुद्धात निजामाने दिलेल्या पैशाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील एका विनाशिकेला ‘निझाम’ असे नाव देण्यात आले होते. पैसा अर्थातच रयतेचा होता.)

पुरवठा-जहाजांची पाकिटे कालक्रमाने मांडली, तर देशाच्या औद्योगिक धोरणाचा इतिहास एका वहीत मावतो. पहिले ‘दीपक’ १९६७ मध्ये आणि त्यानंतरचे ‘शक्ती’ १९७६ मध्ये नौदलात आले. दोन्ही पश्चिम जर्मनीच्या ब्रेमर वुल्कान कारखान्यातली. १९९६ चे ‘ज्योती’ रशियातील सेंट पीटर्सबर्गचे. २००० चे ‘आदित्य’ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेले, म्हणजे स्वदेशी. एवढ्यावरून आपण स्वावलंबी झालो असे कोणी मानील, तर २०११ साली आलेली नवी ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ पाहावीत: ती इटलीच्या फिनकान्तिएरीने बांधली. यांपैकी प्रत्येक जहाज सुमारे २७,५०० टनांचे असून तासाला १,५०० टन इंधन भर समुद्रात, चालता चालता, दुसऱ्या जहाजांना देऊ शकते. आयात-पर्यायीकरण हा शब्द मी वर्गात वीस वर्षे वापरत आहे. त्याची वळणे मात्र मला या पाकिटांनी अधिक स्पष्ट दाखवली.

आता तक्रारीकडे वळतो. सेनादलांसाठी विशेष पाकिटे काढण्याचे काम आर्मी पोस्टल सर्व्हिस करते. ‘मेल मिलाप’ हे तिचे ब्रीद. पाकिटांची छपाई सुबक असते, सोबत माहितीपत्रिका असते, विशेष शिक्काही असतो. पण हौशी बाजारात मिळणारी बहुतेक पाकिटे कोरी असतात. त्यांवर पत्ता नसतो, ती कोठून निघाली नाहीत आणि कोठे पोहोचलीही नाहीत. समारंभात शिक्का बसला, तेथेच त्यांचा प्रवास संपला. आयुष्यभर दुसऱ्यासाठी ओझे वाहणाऱ्या जहाजाचे स्मारक म्हणून काहीच न वाहिलेले पाकीट जपावे, हे मला पटत नाही. शिवाय दुर्मीळतेचा भाव चढवून ते दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाते, आणि ज्या विद्यार्थ्याच्या हाती ते पडायला हवे त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

माझ्या संग्रहातील सर्वांत मोलाचे पाकीट साधे, पिवळसर आहे. आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी नौदलात भरती होऊन नव्या ‘शक्ती’वर गेला. त्याने परतूर तालुक्यातील आईला पाठवलेल्या पत्राचे ते पाकीट. मागील बाजूस जहाजाचे नाव आणि टपाल कचेरीचा पत्ता त्याच्याच अक्षरात, पुढे अर्धवट उमटलेला शिक्का. आईने पत्र स्वतःकडे ठेवले, पाकीट मला दिले. व्यापारी त्याचे दहा रुपयेही देणार नाही.

अशी पाकिटे पुढे मिळणे अवघड आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आणि तिकीट व शिक्क्याची जागा छापील पट्टी घेत चालली आहे. दुसरीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी पाच पुरवठा-जहाजांचा करार झाला, सुमारे १९,००० कोटी रुपयांचा. ही जहाजे नौदलात दाखल होतील तेव्हा पाकिटेही निघतील अशी अपेक्षा आहे. ती केवळ निमंत्रितांना वाटू नयेत. जिल्ह्याच्या मुख्य टपाल कचेरीत दर्शनी किमतीला मिळावीत, आणि जहाजावरील शिक्का मारून ती मागणाऱ्याच्या पत्त्यावर टपालानेच धाडण्याची सोय व्हावी. सहावी ते नववीच्या मुलांना तिकीट-संग्रहासाठी वर्षाला ६,००० रुपये देणारी दीनदयाळ स्पर्श योजना २०१७ पासून आहे. आपल्या शाळेत तसे मंडळ नसेल, तर शिक्षकांनी जूनमध्येच ते स्थापावे, आणि पहिले पत्र मुलांनी एखाद्या पुरवठा-जहाजावरील खलाशांना लिहावे. उत्तर आले तर पाकीट फाडू नये; कडेने कात्रीने उघडावे.